वालाच्या शेतातली हजेरी

वालाच्या शेतात एका बांबूला काळा स्पीकर टांगलेला आहे. दंव लागू नये म्हणून त्याच्यावर दुधाची रिकामी पिशवी बांधली आहे.

*

"ऋत्विक, दूध पी," अनीसा आपल्या मुलाला म्हणाली. मुलाचं नाव नोमान. तिचे अब्बा नासिर पलंगावरून म्हणाले, "काल त्याला जनू म्हणालीस. बाप कतारहून फोन करील तेव्हा तरी बरोबर नाव घे."

*

पोपटीच्या, म्हणजे शेंगा भाजायच्या, मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला घालतात. वर वालाच्या शेंगा. वर परत पाला. पाणी घालत नाहीत.

*

डॉक्टरांनी लांब दांड्याचा छोटा आरसा दिव्यावर गरम केला आणि म्हणाले, "आ कर."

*

धाटावच्या कंपनीने पोपटला कामावरून ब्रेक दिल्यापासून त्याचा कंपनीचा निळा शर्ट धुऊन, घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवलेला आहे.

*

तुटक्या कानाची वानरी सगळ्यांत शेवटी पळते. पळण्याआधी बघत बसते.

*

अनीसा डिसेंबरात वाडीच्या शाळेवर शिकवायला आली. कंत्राटी. आधीचे गुरुजी दिवाळीच्या सुटीत बदली होऊन गेले होते. रोह्याहून रिक्षा वरसे सोडून डोंगराच्या दिशेला वळते, रस्ता संपतो तिथे वाडी, आणि वाडीच्या आधी शाळा. एक खोली, चार इयत्ता, पुढे मैदान, मैदानाच्या टोकाला जांभळाचं झाड.

नावं लक्षात ठेवायला तिने एक खेळ काढला. पोरांनी रांगेने जांभळाखाली जायचं आणि तिथून आपलं नाव तिच्याकडे फेकायचं. ती शाळेच्या पायरीवर उभी. नाव आलं की दोन्ही हात वर करून झेलायची, छातीशी धरायची आणि तेच नाव परत फेकायची.

"ऋऽत्विक!"

"झेलला! ऋऽत्विक!"

पोरांना वेड लागलं. मधल्या सुटीतही खेळायची. जनू आपलं नाव गुगली टाकल्यासारखं मनगट फिरवून फेकायचा. अनिता दर वेळी फेकून लाजायची. आठवडाभरात अनीसाला सगळ्यांची नावं आली, कोण कोणाचा भाऊ ते कळलं, कोणाच्या घरी म्हैस व्यायली तेही कळलं.

एक नाव तेवढं येत नव्हतं. तिसरीतली रोहिणी जांभळाखाली उभी राहायची, मान ताणायची, ओठ हलायचे. काही पोचत नसे.

"बाई, वाटेतच पडलं!" पोरं ओरडायची.

"पडू दे. उद्या येईल," अनीसा म्हणायची. मग रांग पुढे सरकायची. पण रोहिणीची पाळी कोणी गाळत नसे. तिचे ओठ हलून थांबेपर्यंत सगळे थांबायचे. तशी सवयच झाली.

लाजरी असेल, असं अनीसाने धरलं. तिला खडू वाटायला दिले. तिच्याजवळ बसून गणितं घेतली. गणितं बरोबर यायची, अक्षर टपोरं. विचारलं की रोहिणी पाटीवर लिहून दाखवायची. तिच्या पोटऱ्यांवर बारीक ओरखडे असायचे, फ्रॉकच्या घेराला ओल्या मातीचा वास. दुपारी खिचडी खाल्ली की ती बसल्या जागी झोपायची, कपाळ पाटीवर. पाटीवरचं कपाळाला उमटायचं.

जानेवारीत केंद्रप्रमुख आले. एकेकाला उठवून धडा वाचायला लावला. रोहिणी उठली, पुस्तक धरलं, ओठ हलले.

"मोठ्याने."

ओठ हलले.

साहेबांनी चष्मा काढला. "मुकी आहे का?"

"नाही सर. लाजते."

"बाई, लाजणारी पोरं लाजत लाजत वाचतात. पुढच्या वेळी मला हिचा आवाज ऐकू आला पाहिजे. नाहीतर पेणला मुक्या मुलांची शाळा आहे, तिकडे पाठवू. तिथे राहायचीही सोय आहे. तिच्याच भल्याचं आहे."

रोहिणी उभीच होती. बस म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी अनीसा पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "आज रोहिणीचं नाव आल्याशिवाय कोणी आत जायचं नाही."

ऊन चढलं. पोरं सावलीसाठी सरकत होती. रोहिणी जांभळाखाली.

"फेक, रोहिणी. पोटातून फेक. मी इथेच आहे."

रोहिणीने मुठी आवळल्या. गळ्याच्या शिरा फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं आणि गंजलेल्या बिजागरीसारखा एक आवाज निघाला. नाव नव्हतंच ते.

पोरं खो खो हसली. अनितासुद्धा.

ऋत्विक हसला नाही. तो पायरीपाशी आला. "बाई, ऱ्हाऊ द्या ना. तिचा घसा वांदरांनी खाल्ला."

"काय?"

"वालाची राखण करते ती. उजाडायच्या आधी जाते, आरडते. शाळा सुटली की परत जाते, आरडते. आधी आमच्या पडवीपर्यंत आवाज यायचा. आता नाय येत."

"मग मला सांगितलं का नाहीस रे?"

ऋत्विकने थोडा विचार केला. "तुमी नाव विचारलंत. घशाचं कुठं विचारलंत?"

*

संध्याकाळी अनीसा शेतावर गेली. भात कापलेल्या खाचरांत वाल गुडघ्याएवढा झाला होता. पांढरी फुलं, खाली कोवळ्या शेंगा. मधोमध चार वाशांचा माळा, त्यावर पेंढा. रोहिणी माळ्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. बाईंना बघून ती सरकली आणि जागा दिली.

डोंगराच्या कडेला आईनाच्या झाडांवर वानरं बसली होती. शेपट्या खाली सोडलेल्या, दोर टांगल्यासारख्या.

"एवढी?"

रोहिणी तिच्या कानाशी आली. कुजबूज ऐकू येत होती. खरखरीत, पण शब्द समजत होते.

"तो ऋत्विक. शेंगेचा आधी वास घेतो, मग खातो."

"कोण ऋत्विक?"

"तो. बसलाय तो. ती अनिता, कोणी नाय बोललं तरी पळते. तो जनू. उगाच उड्या मारतो."

अनीसाला हसू फुटलं. आख्खा वर्ग झाडावर होता. "आणि ती, तुटक्या कानाची?"

रोहिणीने फ्रॉकचं टोक तोंडात घातलं.

"सांग ना."

"ती बाई."

"मी? का गो?"

"ती जात नाय. बघत बसते."

त्या संध्याकाळी रोहिणी खूप बोलली. कानाशी तोंड आणून, गरम श्वास टाकत. एवढी बोलली की अनीसाची शेवटची रिक्षा गेली आणि ती वरशापर्यंत चालत आली. चालताना ती खुशीत होती.

*

"कुजबुजायचं पण नाही," डॉक्टर म्हणाले. रोह्याच्या सरकारी दवाखान्यात शनिवारी अनीसाच तिला घेऊन गेली होती. "स्वरपट्ट्यांवर गाठी आल्यात. कुजबुजलं तरी ताण पडतो. एकदम गप्प. महिना दोन महिने. अलिबागला एकदा दाखवून घ्या. असंच ओरडत राहिली तर हा आवाज असाच राहील."

"म्हणजे सर, बोलणारच नाही?"

"बोलेल. पण हे असं."

रोहिणी दोघांची तोंडं बघत होती. काही विचारायचं होतं, पण आत्ताच मनाई झाली होती.

*

रोहिणीची आई मैना ओट्यावर चुलीची लाकडं फोडत होती. सकाळी ती वरशातल्या इमारतींत तीन घरची भांडी करून येई, दुपारी लोकांच्या शेतावर. कोयता न थांबवता तिने ऐकलं.

"बसा बाई. चाय ठेवतंय."

"चहा नको, वहिनी. तुम्हाला समजलं ना मी काय म्हणाले?"

"समजलं. पोरीनं गप ऱ्हावं." लाकूड फुटलं. "मंग वाल कोण राखील? तुमी?"

"तिचे बाबा आहेत ना घरी? ब्रेक मिळालाय म्हणे."

"घरी?" मैना हसली. "ते उजाडायच्या आधी कंपनीच्या गेटवर उभं ऱ्हायला जातात. मुकादम दारात येऊन हाका मारतो. रोज दिसला तो लक्षात ऱ्हातो, त्यालाच हाक. एक दिस नाय गेला तर दुसरा कोणतरी पोपट होतो."

आत गिरजाबाई, रोहिणीच्या बापाची, पोपटची आई, भिंतीला टेकून बसली होती. तिला ऐकू कमी यायचं. "कोण मेला?" तिने विचारलं.

"कोण नाय मेला, आत्याबाय! रोहिणीचा घसा गेला!"

"मध चाटव."

"चाटवला!"

"मंग देवाला गाऱ्हाणं घाल."

"तेबी घातलं!" मैना अनीसाकडे वळली. आवाज खाली आला. "बाई, गेल्या साली पोरीला ताप आला, आठ दिस राखण नाय झाली. बी ठेवायपुरता वाल नाय ऱ्हायला. वर्षभर पोरांनी आमटीत काय खाल्लं ते मला ठाव. मी काय शत्रू हाय तिची?"

रोहिणी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आईने तिच्याकडे न बघता सांगितलं, "डबा घेऊन जा. आरडू नको. डबा वाजव."

*

डबा वाजवला. वानरं पळाली, मग हळू पळाली, मग पळेनाशी झाली.

जुन्या साड्या कुंपणाला बांधल्या. वानरांच्या पोरांनी त्यांचे झोके केले.

अनीसाच्या अब्बांनी, नासिरने, कपाटातून पितळेची शिट्टी काढून दिली. धरमतरच्या बार्जवर त्याने उभी हयात ती फुंकली होती. "हिच्यानं बंदर हलायचं," तो म्हणाला. रविवारपर्यंतच वानरं हलली.

बुजगावणं केलं. मैना म्हणाली, निळा शर्ट घाला त्याला, माणूस वाटेल. पोपट म्हणाला, "तो नाय. बोलावणं आलं तर?" जुना सदरा घातला. तिसऱ्या सकाळी एक वानर बुजगावण्याच्या खांद्यावर बसून शेंगा सोलत होतं.

मग अनीसा स्वतः गेली. पहाटेची पहिली रिक्षा सांगून ठेवली, डोक्यावरची ओढणी घट्ट गुंडाळली आणि माळ्यावर उभी राहिली. वानरं उतरली. तिने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, काय ओरडायचं ते आपल्याला माहीतच नाही. हाड म्हणतात? हुर्र? तोंडात आलं ते ती ओरडली.

"ऋत्विऽक! अनिऽता! जनूऽ!"

वानरं थबकली. बांधावरून पाण्याला चाललेल्या बाया हंड्यासकट वाकून हसल्या. "बाई, वांदरांची हजेरी घेताव काय?"

तुटक्या कानाची वानरी दोन हात पुढे आली, शेंग तोडली आणि अनीसाकडे बघत खाल्ली.

रोहिणी माळ्याखाली बसली होती. तोंडावर दोन्ही हात. हसू बाहेर येऊ द्यायचं नव्हतं.

*

स्पीकरची कल्पना पोपटची. वरशात एकाने वानरं हाकलायला गच्चीवर स्पीकरवरून कुत्र्याचं भुंकणं लावलं होतं, ते त्याने पाहिलं होतं. "पोरीचाच आवाज लावू. वांदरं तिला भितात. डब्याला नाय, तिला."

तो मोबाइल घेऊन ओट्यावर बसला. गेल्या वर्षीच्या आवाजासाठी मागे मागे जात राहिला. शेताचे फोटो, कंपनीच्या बसमधले फोटो, मैनाचा एक फोटो, गिरजाबाईच्या पायाची जखम. शेवटी गणपतीतली एक आरती सापडली. पडवीत सगळे उभे, रोहिणी पुढे, तोंड मोठं उघडलेलं. त्याने आवाज वाढवला. टाळ, झांजा आणि शेजारच्या मंडपातलं गाणं.

"हितं बघ, आरडतेय ती," पोपट म्हणाला. पुन्हा लावलं. पुन्हा झांजा.

"बंद करा आता," मैना म्हणाली.

तेव्हा अनीसाने दुसऱ्या दिवशी वर्गालाच मैदानात नेलं. फोन रेकॉर्डिंगला लावून पायरीवर ठेवला. "आज नावं माझ्याकडे फेकायची नाहीत. डोंगरावर फेकायची."

असं ओरडायला पोरांना कधी कोणी सांगितलं नव्हतं. ऋत्विकने फेकलं, अनिताने, जनूने, त्यानंतर रोहिणीची पाळी आली. ती ओठ मिटून बसली होती. रांग थांबली. कोणी सांगितलं नाही, कोणी ढकललं नाही. तिचे ओठ हलून थांबायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ सगळे थांबले, मग पुढच्याने नाव फेकलं.

फोनमध्ये ती शांतताही भरली गेली. अनीसाला ती कापता आली असती. तिने कापली नाही.

*

पोपटने स्पीकर बांबूला टांगला. पहिल्या सकाळी वानरं अशी पळाली की जनू आईनाखाली जाऊन नाचला. पोरं उजाडताच शेतावर यायची, आपलं नाव कधी येतंय याची वाट बघायची आणि नाव आलं की छाती काढायची. "बघ, माझ्याला घाबरला!" रोहिणी माळ्यावर गप्प बसून शेंगा निवडायची. वर्गात अनिता आपणहून तिच्याशेजारी बसायला लागली. जनूने तिच्यासाठी हातवाऱ्यांची भाषा काढली, ती निम्मी घाणेरडी निघाली, आणि रोहिणी आवाज न करता डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

ते दिवस बरे होते. अनीसाने घरी सांगितलं. नासिर म्हणाला, "बंदर हुशार असतो, बेटा."

वानरांना आधी ती जागा कळली. ऋत्विक, अनिता, जनू, आणि मग शांतता. त्या शांततेत तुटक्या कानाची वानरी फांदीवरून बांधावर उतरायची. पुढचं नाव आलं की थांबायची. परत पहिल्यापासून ऋत्विक, अनिता, जनू. शांतता. आणखी चार पावलं. तिच्यामागे बाकीची शिकली. फेब्रुवारी लागला तेव्हा वानरं स्पीकरखाली बसून खात होती आणि वर आख्खा वर्ग ओरडत होता.

शेंगा भरल्या होत्या. आणखी थोडे दिवस राखल्या असत्या तर घरात आल्या असत्या.

*

त्या सकाळी अनीसा लवकर निघाली. केंद्रप्रमुख त्याच दिवशी येणार होते. दवाखान्याचा कागद त्यांना दाखवायचा, ही मुकी नाही, हिला बरं व्हायला वेळ द्या, असं सांगायचं. रिक्षात तिने ते मनात घोळवून ठेवलं होतं. धुकं खाचरांवर बसलं होतं. वाडीच्या अलीकडे ती उतरली आणि रस्त्यावरूनच तिला ऐकू आलं.

ऋत्विक.

अनिता.

जनू.

आणि मग, जिथे काही नसायचं तिथे, लाकूड उभं चिरताना येतो तसा आवाज. लांब. तीन अक्षरांचा. डोंगरावर आपटून परत आला तेव्हाही कळत होता.

रोहिणी.

वानरं फुटली. वाल सोडून, बांध सोडून, एकमेकांवर आदळत आईनाकडे पळाली. तुटक्या कानाचीसुद्धा, मागे न बघता.

माळ्यावर रोहिणी उभी होती. मुठी आवळलेल्या, मान ताणलेली. तिने रस्त्यावर बाईंना पाहिलं आणि ती हसली. इतके दिवस अडकलेलं आलं एकदाचं, असं हसली.

अनीसाचे दोन्ही हात सवयीने वर गेले होते.

ते खाली घ्यायला हवे होते. धावत जाऊन तिचं तोंड दाबायला हवं होतं. ती रस्त्यावर उभी राहिली, हात छातीशी, आणि बघत राहिली. स्पीकर पुढची नावं घेत होता. पुन्हा ऋत्विक आला, अनिता, जनू. रोहिणीने श्वास भरून घेतला.

"नको," अनीसा म्हणाली. एवढ्या लांब ते पोचलं नाही.

*

दुपारी केंद्रप्रमुखांनी रोहिणीला उठवलं. तिने पुस्तक धरलं. ओठ हलले. या वेळी बिजागरीही वाजली नाही.

अनीसाने कागद पुढे केला. त्यांनी वाचला, मान डोलावली. "म्हणजे आवाज नाही, हे डॉक्टरही म्हणतात."

"सर, नाही असं नाही. तिला शेतावर..."

"बाई, घरच्यांना कोण समजावणार? पेणला राहिली तर निदान शेतावरून सुटेल."

अनीसाने कागदाची घडी घातली.

मैनाने अनीसाकडून सगळं ऐकून घेतलं. कोयता चौकटीत खोचला, हात पदराला पुसले. "पेणला राखण नाय ना करायला लागणार?"

"नाही."

"मंग जाऊ दे." मग तिने विचारलं, "बाई, तितं सगळी पोरं मुकीच ना? मंग ते तिला हाक कशी मारतील?"

वाल घरात आला तो निम्मा. तरी मैनाने शाळेसाठी एक मडकं पोपटी लावली. शेतातच, पेंढा पेटवून. पोरांनी शेंगा फुंकून फुंकून खाल्ल्या, बोटं काळी केली. जनूने हातवारे करून रोहिणीला काहीतरी विचारलं, तिने हातवारे करून उत्तर दिलं आणि दोघं हसली. गिरजाबाई म्हणाली, "किती गोंगाट करतात पोरं." गोंगाट फारसा नव्हता.

एप्रिलमध्ये अनीसाचं कंत्राट संपलं. स्पीकर पोपटने उतरवला आणि पेटीत, निळ्या शर्टाखाली ठेवला.

त्याआधीच्या जूनमध्ये, अनीसा यायच्या आधी, शाळेच्या पहिल्या दिवशी, रोहिणीने आपलं नाव इतक्या मोठ्याने सांगितलं होतं की जुन्या गुरुजींनी कानांवर हात ठेवून तिला हळू बोलायला सांगितलं होतं.